तीन वाजताची सावली

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँड आणि मासळी बाजाराच्या मधोमध नगरपालिकेचं उद्यान आहे, वीसेक गुंठ्यांचं. मासे विकून परतीच्या गाडीची वाट बघणारी एक बाई त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. भिंतीच्या पायाचा जेमतेम वीतभर चिरा बाहेर आलेला, त्यावर. शेजारी धुतलेली रिकामी पाटी पालथी घातलेली. आतल्या बकुळीची एक फांदी भिंतीवरून रस्त्यावर झुकली होती आणि तिची सुपाएवढी सावली बाईच्या अंगावर होती. ऊन कललं तशी ती सावली आधी तिच्या पायांवरून गेली, मग मांडीवरून, मग भिंतीवर चढली आणि आत निघून गेली. बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. भिंतीपलीकडे, तिच्या पाठीमागे सहा हातांवर, त्याच बकुळीखाली सिमेंटचा बाक होता. गडद सावलीत, रिकामा, वर वाळलेल्या फुलांचा सडा. फाटकाला कुलूप आणि पाटी: वेळ सकाळी ६ ते ९, सायंकाळी ५ ते ८. पलीकडच्या टपरीवर रखवालदार उभा होता. "कुलूप कधी काढतंस रे बाबा?" तिने विचारलं. "पाचांशिवाय नाय गे मावशे." "मगे काय उपेग? माझी गाडी सवाचारची."

त्याच्या बोलण्यात अरेरावी नव्हती, तिच्या बोलण्यात राग नव्हता. हेच जास्त टोचतं. त्या कुलपाचं दोघांनाही काहीच वाटेनासं झालं होतं.

कोकणात बाग हवीच कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. समुद्र आहे, घराघराभोवती आवाट, म्हणजे झाडांचं परसू, आहे, माड-पोफळी आहेत, हिरवाईला काय तोटा? पण समुद्रावर दुपारी तीनला सावली नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूत दहा पावलं चालवत नाही. आणि आवाट असतो तो घर असणाऱ्याचा. बाजारपेठेत दुकानाच्या माळ्यावर राहणारं कुटुंब, फ्लॅटमधली मुलं, तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी आलेला वाडीवरचा म्हातारा, कॉलेज सुटल्यावर तासभर गाडी नसलेल्या मुली, ह्यांना टेकायला गावाच्या मध्यात जागा लागते. पूर्वी ती होती. देवळाची ओसरी होती, पिंपळाचा पार होता, शिमग्याला पालखी नाचायची तो मांड वर्षभर मोकळा असायचा. पार रस्तारुंदीत गेले, ओसऱ्यांना जाळीची दारं लागली, मांडावर गाड्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा शहराच्या पोटातली ही वीस गुंठे जमीन आता शोभेची उरलेली नाही, तिच्यावर ह्या सगळ्या जागांचं काम येऊन पडलं आहे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं नावानिशी लिहिलेली आहेत. पाणी आणि रस्ते ज्या यादीत आहेत, त्याच यादीत.

मग कुलूप का लागतं? लावणाऱ्यांची कारणं खरी असतात, ती उडवून लावता येत नाहीत. रात्री दारूच्या बाटल्या फुटतात. मोकाट गुरं शिरून लावलेलं सगळं खातात. नळ चोरीला जातात. जोडपी बसतात म्हणून तक्रारी येतात. ह्या चार वेगवेगळ्या दुखण्यांवर कुलूप हे एकच औषध दिलं जातं, आणि ते एकालाही लागू पडत नाही, कारण पिणारा सहा फुटी भिंत चढून जातो आणि ती भिंतच मग त्याला आडोसा देते. आत बाई-मुलं नाहीत हे त्याच्या सोयीचंच असतं. नळ चोरीला जातो तो पितळी असतो म्हणून. प्लॅस्टिकचा दाबाचा नळ कोणी नेत नाही आणि मोडला तरी थोडक्यात नवा बसतो. गुरांसाठी फाटक आपोआप मिटणारं हवं. त्याला स्प्रिंग लावतात, ती खाऱ्या वाऱ्यात दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंजून बसते. त्यापेक्षा खालची बिजागरी वरच्या बिजागरीच्या ओळीतून दोन-तीन सेंटिमीटर सरकवून बसवली की फाटक उघडताना किंचित वर उचललं जातं आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने मिटतं. गावच्या लोहाराला हे सांगावं लागत नाही, विचारावं लागतं एवढंच. फाटकाची रुंदी मात्र मीटरभर ठेवावी. गुरं अडवायची म्हणून नागमोडी लोखंडी वाट केली तर चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही अडते.

अशा बागेचं काय करायचं म्हटलं की पहिला कागद अंदाजपत्रकाचा निघतो. कारंजं, पुतळ्याचा चौथरा, रंगीत अक्षरांत गावाचं नाव, पत्र्याचं छप्पर असलेला काँक्रीटचा रंगमंच. मला वाटतं, पहिला कागद मोजणीचा असावा. एक वही घ्यायची आणि सात दिवस, त्यात एक बाजाराचा दिवस येईल असं बघून, सकाळी सहा ते रात्री नऊ दर तासाला बागेत आणि बागेच्या बाहेर पन्नास पावलांच्या आत किती माणसं थांबलेली आहेत ते लिहायचं. बायका किती, पुरुष किती, दहा वर्षांखालची मुलं किती, म्हातारी माणसं किती. आणि ती कशाला टेकली आहेत. पायरीला, मोटरसायकलला, गटाराच्या कठड्याला, का नुसतीच उभी. हे काम कॉलेजच्या मुलांना उत्तम जमतं, त्याला खर्च नाही. बाहेर थांबणाऱ्यांचे आकडे वाचले की बागेचा आराखडा अर्धा तयार होतो, कारण बागेला हवी असलेली माणसं आधीच तिच्या भोवती उभी असतात. आतल्या नोंदीत बायकांचा आकडा दिवसभर शून्याजवळ राहिला, तर झोपाळे नवे आणून काही होणार नाही. आधी दिसणं, उजेड आणि संडास बघावे लागतील.

दिसणं म्हणजे भिंत. आतून रस्ता दिसला पाहिजे आणि रस्त्यावरून आतलं माणूस दिसलं पाहिजे. सहा फुटी भिंत सबंध पाडायची गरज नसते. जांभ्याचे चिरे वरून थरथर काढत आणले तर बहुतेक अख्खे निघतात आणि तेच पुन्हा वापरता येतात. जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर थांबायचं. ही बसायची उंची आहे, म्हाताऱ्या माणसाला उठताना सोपी. वरचा थर ४० सेंटिमीटर रुंद केला की भिंतीचा कट्टा होतो आणि दोन्हीकडून बसता येतं. वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करू नये, तो उन्हात तापतो आणि पावसात निसरडा होतो; घडीव जांभा बरा. सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी जाऊन पाहिलं तर हे सगळं समजतं. समोर पाणी, पाठीमागून वाहता रस्ता, बसायला बुटका कठडा, कुठे तिकीट नाही, कुलूप नाही. तिथे कोणी कोणाला बोलावून आणलेलं नसतं.

आता पाणी. कोकणातल्या बागा पाण्यापायीच मरतात. चार महिने नको तितकं असतं आणि दोन महिने अजिबात नसतं, म्हणून. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे १०,००० लिटर पाणी होतं. जुलैमध्ये असा दिवस काही विशेष मानला जात नाही. म्हणजे वीस गुंठ्यांच्या बागेवर एका दिवसात दोन लाख लिटर. हे पाणी पूर्वी कुठून वाहत होतं ते कोणत्याही जुन्या दुकानदाराला माहीत असतं, आणि नेमक्या त्याच वाटेवर भराव घालून बागेचा चालण्याचा ट्रॅक केलेला असतो. मग पाणी ट्रॅकवर थांबतं, पेव्हर ब्लॉकच्या खालची वाळू घेऊन जातं, ब्लॉक हलू लागतात, पाऊल टाकलं की चिखलाची पिचकारी उडते, आणि ऑगस्टपर्यंत सगळ्यावर शेवाळ. तिथे एक म्हातारा माणूस घसरून पडला की गावभर होतं आणि चालणारे पुन्हा डांबरी रस्त्यावर जातात. उपाय नवीन ब्लॉक हा नव्हे. आधी वरच्या अंगाला पाणी अडवून वळवणारं उघडं गटार, हातभर रुंद, जांभ्याने बांधलेलं. उघडं अशासाठी की तुंबलं तर दिसतं आणि फावड्याने साफ होतं. ट्रॅकला एका बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार. कडेचा दगड पक्का, कारण ब्लॉक एकमेकांना धरून राहतात ते कडेच्या आधारावर. कडा सुटली की अख्खी ओळ पसरते. माणसांच्या चालण्याला ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात, खाली दाबलेल्या खडीच्या थरावर तीन सेंटिमीटर वाळू. वाळूचा थर जाड केला तर ब्लॉक जास्त घट्ट बसतील असं वाटतं, होतं उलटं: जाड वाळू खचते. शेवाळ तरीही येणार, हे कोकण आहे. ते ताठ खराट्याने आठवड्यातून एकदा घासावं लागतं, आणि ज्या फांदीमुळे तिथे वारा-ऊन पोचत नाही ती विरळ करावी लागते. ब्लीचिंग पावडर टाकली की चार दिवस पांढरं दिसतं, मग ते पाणी झाडांच्या मुळाशी जातं.

ह्याच बागेत एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते. हिरवळीला, म्हणजे विकतच्या गालिच्यासारख्या लॉनला, उन्हाळ्यात चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. दहा गुंठे लॉन म्हणजे रोज ५,००० लिटर, म्हणजे एक दिवसाआड दहा हजारांचा टँकर. ज्या गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथे हा टँकर बागेत शिरताना बघणं कोणालाही बरं वाटत नाही, आणि वाटूही नये. साहजिकच पाणी तुटतं, लॉन पिवळं पडतं, मग तपकिरी, मग बाग मेली असं सगळे म्हणतात. मेलेलं असतं फक्त गवत. लॉन हवंच असेल तर मुलांना लोळायला एक-दीड गुंठा ठेवावं, उरलेल्या जागी आपली हरळी येऊ द्यावी. ती मे महिन्यात सुकते आणि पहिल्या पावसाने आपणहून उठते. झाडांखाली तर गवताचा हट्टच नको. तिथे पातेरा राहू द्यावा. आपल्याकडे सुकलेलं पान म्हणजे कचरा नव्हताच कधी. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, गोठ्यात, आंब्याच्या आळ्यात, कुठे ना कुठे ते लागायचं. बागेत मात्र ते गोळा करून जाळतात. एका कोपऱ्यात चिऱ्यांचे तीन हौद, प्रत्येकी मीटर रुंद, मीटर उंच, समोरून उघडे. एकात आजचा पाला, दुसऱ्यात कुजणारा, तिसऱ्यात तयार खत. पाल्याच्या वीतभर थरावर शेणकाल्याची एक बादली. पावसाळ्यात वर झापांचं छप्पर हवंच, नाहीतर खताचा कस धुऊन जातो. तयार हौदात हात घातला तर गार, काळं, भुसभुशीत खत लागतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर अजून महिनाभर थांबावं लागतं.

झोपाळ्यांचं दुःख वेगळं आहे.

खाऱ्या हवेत लोखंड वरून गंजत नाही, आधी खालून गंजतं. झोपाळ्याचा खांब जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे एक बारीक खोलगट कडा राहते, तिच्यात पाणी आणि मीठ साचतं, आणि रंगाखालून पाइप कुरतडला जातो. वरून खांब पिवळाधमक रंगवलेला, नवा दिसणारा. नखाने खालच्या कडेला रंग उचकटला की पापुद्रा निघतो आणि आत चॉकलेटी भुकटी. हा खांब एक दिवस मुलासकट आडवा होतो. म्हणून काँक्रीटचा गळा जमिनीच्या पाच सेंटिमीटर वर आणून बाहेरच्या बाजूला उतरता करायचा, म्हणजे पाणी थांबत नाही. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला हवा, आणि सगळं वेल्डिंग मुलाम्याच्या आधी व्हायला हवं. बहुतेक ठिकाणी मुलामा दिलेला पाइप आणून जागेवर वेल्ड करतात. वेल्डच्या ठिणगीने तिथलं जस्त जळून जातं आणि पहिला गंज नेमका सांध्यावर धरतो, जिथे सगळा भार असतो. बोल्ट स्टेनलेसचे घेताना ३१६ प्रतीचे घ्यावेत. ३०४ प्रतीवर समुद्राजवळ तांबूस डाग पडतात आणि बारीक खड्डे धरतात. आणि स्टेनलेसचा बोल्ट साध्या लोखंडावर थेट बसवला तर खाऱ्या ओलीत लोखंडच लवकर खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वॉशर लागतो. झोपाळ्याखाली काँक्रीट किंवा ब्लॉक कधीच नको. ३० सेंटिमीटर सैल वाळू हवी, तीही नदीची, धुतलेली. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणून टाकतात. ते बेकायदा तर आहेच, पण तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि खांबाला दिवसरात्र खात राहतं. पायांच्या घसटीने झोपाळ्याखाली खळगा पडतो, तो आठवड्याला दंताळ्याने भरायचा. घसरगुंडी पत्र्याची असेल तर तिचं तोंड उत्तरेला करून झाडाखाली ठेवायची. पश्चिमेला तोंड केलेल्या घसरगुंडीवर मे महिन्यात, चाकरमान्यांची पोरं गावी आलेली असताना, संध्याकाळी पाचपर्यंत कोणाला बसता येत नाही. ज्या महिन्यात बाग भरायची त्याच महिन्यात ती रिकामी दिसते.

झाडांबद्दल कोकणातल्या माणसाला सांगायला संकोच वाटतो, पण सार्वजनिक बागेचं झाड आवाटातल्या झाडापेक्षा वेगळं वागवावं लागतं. बाकावर आणि खेळाच्या जागेवर माड नको. नारळ आणि झावळ कधी सुटेल त्याला घड्याळ नाही, आणि पाडेकरी बोलवायला नगरपालिकेला निविदा काढावी लागते. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातून गेलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, त्यानंतर झाडाची निवड हा हौसेचा विषय राहिलेला नाही. उंडी, करंज, बकुळ, सुरंगी, नागचाफा, कोकम ही खारा वारा सोसणारी, आपल्याच मातीतली मंडळी. सुरंगीला वेळ लागतो, लावणाऱ्याला तिच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, मिळेलच असं नाही, तरी लावावी. भर बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलली तर वास आल्यावर माणसं मान वर करून झाड शोधतात. रोपं लांबून आणायची जरूर नसते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिका आहेत, सामाजिक वनीकरणाच्या आहेत. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल, आणि तो एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यायचा. कातळात खणलेला खड्डा मात्र पावसाळ्यात हौद होतो आणि रोप बुडून मरतं. म्हणून उताराकडच्या बाजूने तळाशी पहारीने फट पाडून पाण्याला वाट द्यायची. आळ्यात नारळाची सोडणं पालथी रचली की मार्चपर्यंत ओल टिकते. जुन्या झाडांना मात्र हौसेने मारतात: बुंध्याशी गच्च सिमेंटचा पार बांधून, आत हातभर माती भरून. मातीखाली गेलेली साल कुजते, मुळांना हवा लागत नाही, आणि पाच-सात वर्षांनी झाड वाऱ्यात पडलं की दोष वाऱ्याला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी मीटरभर जागा आपल्या पारालाही पुरते. फांद्या छाटायच्या तर १९७५ च्या झाडांच्या अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. छाटणी मे संपायच्या आत, आणि विरळणी म्हणून. शेंडा कापला तर जे धुमारे येतात ते वरवर चिकटलेले असतात आणि पहिल्या तुफानात तेच तुटतात.

उजेड आणि संडास ह्यांवर थोडकंच सांगण्यासारखं आहे, पण बायका-मुलींचं येणं ह्या दोघांवरच ठरतं. चौकातला उंच हायमास्ट बागेच्या उपयोगाचा नाही, त्याचा सगळा उजेड झाडांच्या माथ्यावर सांडतो आणि खाली काळोख. साडेतीन-चार मीटरचे खांब, बारा ते पंधरा मीटरवर एक, पिवळसर दिवे, म्हणजे समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो. केबलचे सांधे जमिनीत पुरू नयेत, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर पेटीत आणावेत, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच असल्याशिवाय पावसाळ्यात लाइन चालू करू नये. सखल गावात पेटी पुराच्या खुणेच्या वर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्याची खूण अजून लोक दाखवतात. संडास मागच्या कोपऱ्यात लपवू नये, फाटकाजवळ, माणसांच्या नजरेत असावा. लपवलेल्या संडासाकडे एकटी मुलगी जात नाही. खाडीकाठच्या सखल गावात शोषखड्डा जुलैमध्ये काही शोषत नाही, भूजल वर आलेलं असतं आणि टाकी उलटी भरते. तिथे टाकी बंद प्रकारची करून पावसाळ्याच्या तोंडावर उपसून घ्यावी लागते. हे न केल्याने बंद पडलेल्या संडासांना 'लोकांनी घाण केली' असं म्हटलं जातं, ते लोकांवर अन्यायाचं आहे.

रंगमंचाविषयी मला तिडीक आहे, ती लपवत नाही. वर्षातून चार वेळा भाषणं होणाऱ्या काँक्रीटच्या ओट्याने बागेची सर्वांत चांगली सपाट जागा खाल्लेली असते. त्या जागी नुसती चोपलेली जमीन ठेवा, तीन-चार गुंठे, भोवती चिऱ्यांची बसायला एक ओळ. आपल्याकडे ह्याला मांड म्हणतात आणि तो कसा वापरायचा हे शिकवावं लागत नाही. तिथे शिमग्याला पालखी येईल, भजनी मंडळाची बारी रंगेल, दशावतारी मंडळी तालीम करतील, बचत गटाच्या बायका मे महिन्यात फणसाची साटं आणि कोकमाचं आगळ विकायला बसतील, आणि उरलेले तीनशे दिवस पोरं लगोऱ्या खेळतील. फाटकाशी चणे-भेळवाल्याला आणि एका शहाळीवाल्याला ठरलेली जागा द्यावी, त्यांना हाकलू नये. धंद्यावर बसलेला माणूस दिवसभर बागेकडे बघत असतो, आणि कोणाचं पोर कोणाबरोबर आलं हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडून भाडं कमी आणि फाटकासमोरची झाडलोट पुरती घ्यावी.

हे सगळं उभं राहतं आणि पुन्हा कुलपात का जातं, ह्याचं उत्तर पैशाच्या दोन खात्यांत आहे. नवीन कामाला निधी मिळतो, फीत कापता येते. माळ्याच्या पगाराला निधी मिळत नाही, तो नगरपालिकेच्या रोजच्या खर्चातून जातो, आणि रोजच्या खर्चात बाग शेवटी येते. वीस गुंठ्यांना एक पूर्ण वेळ माळी आणि पानगळीच्या दोन-तीन महिन्यांत रोज दोन तास जास्तीचा एक हात, एवढं पुरतं असा माझा हिशेब आहे. हा माळी ठेकेदाराचा दर सहा महिन्यांनी बदलणारा माणूस नसावा. कुठल्या झाडाला कधी वाळवी लागली, कुठल्या नळाचा दाब कमी आहे, कुठल्या बाकावर रोज सकाळी कोण गुरुजी पेपर वाचतात, हे दोन पावसाळे एका जागी काढल्याशिवाय कळत नाही. कारंज्याच्या पैशात असा माणूस कित्येक महिने पोसला जातो. कारंज्याचा पंप पाल्याने आणि गाळाने अडकतो, मग तळाच्या पाण्यात डास होतात, मग मलेरियाचे कर्मचारी येऊन गप्पी मासे सोडतात. गप्पी मासे तिथे छान वाढतात हे खरं, मुलं ते बघायला वाकतात हेही खरं. पण त्यासाठी एक चिऱ्याचा हौद पुरतो.

तर ती बाई. तिच्यासाठी काय लागतं याचा हिशेब वेगळा मांडून पाहिला तर तो फारच छोटा निघतो. पश्चिमेच्या भिंतीचे स्टँडकडचे बारा फूट कट्ट्याच्या उंचीवर आणायचे, कारण तिला आत सावलीत बसवलं आणि गाडी दिसली नाही तर ती बसणार नाही. पाटी घेऊन पुन्हा उन्हातच उभी राहील. त्या बारा फुटांत एक मीटर वाट, पायरी नको, बारा फुटांमागे एक फूट चढेल एवढाच उतार. कट्ट्याच्या आतल्या अंगाला नळ, गुडघ्याच्या उंचीवर, खाली पाटी मावेल एवढी घडीव चिऱ्याची मोरी, म्हणजे मासळीची पाटी धुता येईल आणि बाकाला वास लागणार नाही. मोरीचं पाणी हातभर चरातून अळवाच्या आणि केळीच्या वाफ्यात. फाटकाची वेळ सकाळी सहा ते रात्री साडेआठ, मध्ये खंड नाही. आणि बाक कुठे ठेवायचा ते कागदावर ठरवू नये. एप्रिलमध्ये एका दिवशी दुपारी बारा, दीड, तीन आणि साडेचारला बकुळीच्या सावलीची कड चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखायची. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि तिन्हीसांजेपर्यंतची सावली दुसरीकडे पडते. एकमेकींवर चढलेल्या त्या आठ पांढऱ्या रेघांच्या मधोमध एक जागा अशी उरते जिथे दोन्ही महिन्यांत तीन वाजता ऊन येत नाही. ती साधारण दोन बाकांएवढी असते. तिथून स्टँडच्या फलाटावरची गाडीची पाटी वाचता येते का, एवढं खाली बसून बघायचं.